शिमचा शिमगा: जुनी इटालियन गाडी पाळताना

तिरपा कोन:

चार दिवस झाले, गाडी स्टँडवर उघडी पडली आहे. टाकी वर केलेली, बेल्टची झाकणं काढलेली, मागच्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हची टोपी उघडी. आणि मी जमिनीला गाल लावून टॉर्चच्या उजेडात एक तारेचा तुकडा शोधतोय. अर्धवर्तुळाकार, नखावर मावेल एवढा. तो मिळाल्याशिवाय गाडी चालू व्हायची नाही. हात रिकामे आणि डोकं गरम, म्हणून हा धागा काढतोय.

गाडी १९९३ची डुकाटी ९०० सुपरस्पोर्ट. लाल. (लोक विचारतातच, म्हणून आधीच सांगून टाकलं.) ९०४ सीसी, दोन सिलिंडर, रेडिएटरमधलं पाणी वगैरे भानगड नाही, दर सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह. आज हिच्यापेक्षा लहान इंजिनं हिच्यापेक्षा जास्त ताकद देतात, त्यामुळे आकड्यांवर बोलायचं असेल तर मी आत्ताच हरलो असं समजा.

पण काटा तीन हजारांच्या वर गेला की ही गाडी बोलायला लागते. दोन्ही सिलिंडर ९० अंशांत, आणि दोघांचे कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर. त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत. एकानंतर दुसरा २७० अंशांनी, त्यानंतरचा ४५० अंशांनी. कान हे गणित करत बसत नाहीत, त्यांना नुसता लंगडी घातल्यासारखा ठेका ऐकू येतो. आणि गंमत म्हणजे ठेका लंगडा असला तरी इंजिन थरथरत नाही, कारण ९० अंशांच्या रचनेत दोन पिस्टनचे मुख्य झटके क्रँकवरच्या वजनाने जवळजवळ पूर्ण सावरले जातात. तासभर चालवून उतरलो तरी तळहाताला मुंग्या येत नाहीत. मनगटांचं विचारू नका.

आता नखरे. पुढचा सिलिंडर जवळपास आडवा झोपलेला, म्हणून पुढचं चाक त्याच्याही पुढे. त्यामुळे गाडी लांब. हँडल वळतं थोडंसंच. अरुंद जागेत गाडी फिरवायची म्हणजे मालट्रक फिरवल्यासारखं दोनदा पुढे, दोनदा मागे, आणि शेवटी अंगठा टाकी आणि हँडलच्या मधे. पण हीच लांबी वेगात, मोठ्या वळणावर, अशी काही शांत होते की एकदा रेघ धरली की खड्डा आला तरी गाडी रेघ सोडत नाही. माझं निरीक्षण असं की या गाड्यांचा त्रास आणि त्यांचं सुख ही एकाच आईची लेकरं असतात. एकाला घरात घेऊन दुसऱ्याला दाराबाहेर ठेवता येत नाही.

सगळ्यात मोठा नखरा अर्थातच डेस्मो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साध्या इंजिनात कॅम (फिरत्या दांड्यावरचा उंचवटा) व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. आरपीएम फार वाढले की स्प्रिंगला वेळेत परत येणं जमत नाही, व्हॉल्व्ह अधांतरी राहतो आणि वर येणाऱ्या पिस्टनला भेटायची भीती असते. पन्नासच्या दशकात स्प्रिंगचं पोलादही बेताचं, त्या तुटायच्या. इंजिनिअर फाबिओ टाल्योनी १९५४ साली डुकाटीत आले आणि त्यांनी स्प्रिंगवरचा भरवसाच काढून घेतला. व्हॉल्व्ह उघडायला एक कॅम, बंद करायलाही एक कॅम. कल्पना जुनी होती, त्याच सुमारास मर्सिडीजने डब्ल्यू १९६ या रेसकारमध्ये ती वापरलीही होती. पण टाल्योनींच्या १२५ सीसीच्या डेस्मोने १९५६ची स्वीडिश ग्रां प्री जिंकली, १९६८ साली डेस्मो रस्त्यावरच्या गाडीत आलं, आणि इतरांनी सोडून दिलं तरी डुकाटीने ते धरून ठेवलं.

किंमत काय? प्रत्येक व्हॉल्व्हला दोन गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला हलवणारा रॉकर (कॅमने डोलणारा छोटा दांडा) यांच्यातली फट. वरचा उघडण्याचा, तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. खालचा बंद करण्याचा, तो जवळजवळ शून्य. चार व्हॉल्व्हचे आठ गॅप, आठ शिम. शिम म्हणजे गॅप नेमका ठेवायला घालायचा ठरावीक जाडीचा धातूचा तुकडा. बंद करणारा शिम म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची छोटी कॉलर. ती वर सरकून निघून जाऊ नये म्हणून दांड्याच्या खाचेत दोन अर्ध्या कड्या बसतात. शिम काढायचा तर तो खाली दाबून या कड्या उचलायच्या. त्याआधी पिस्टन वर आणून ठेवायचा, कारण स्प्रिंग नाही, कड्या निघाल्या की व्हॉल्व्हला धरून ठेवणारं कुणीच उरत नाही. तेल खाली जाण्याच्या भोकात फडका कोंबायचा, नाहीतर कडी थेट इंजिनच्या पोटात.

पिस्टन वर आणला होता. फडका कोंबला होता. गॅप मोजले, खालचे सगळे ठीक होते. फक्त एका एक्झॉस्टचा वरचा किंचित वाढला होता, तेवढाच बदलायचा. पण मला दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, उघडलंच आहे तर खालचा शिमही काढून मोजून वहीत लिहून ठेवू. एक कडी चुंबकाला चिकटून आली. दुसरी गेली ती गेलीच.

वर आणखी एक. तो काढलेला शिम मायक्रोमीटरने मोजला तर वहीत ज्या बाकीच्या तिघांच्या नोंदी आहेत त्यांच्यापेक्षा हा सरळ अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड. मागच्या मालकाने हाताला येईल तो शिम कोंबला होता, दुसरं काय. अशा माणसांना पाना हातात घ्यायला बंदी पाहिजे.

तर मंडळी, तुमच्या इटालियन गाड्यांचे नखरे सांगा. तेवढाच जिवाला विरंगुळा.

उडती धूळ:

अरेरे! फडक्याच्या घडीत बघितलंत ना? माझी एकदा तिथेच मिळाली होती.

माझ्याकडे डुकाटीचीच ७४८ आहे, १९९८ची. माझा लाडका नखरा म्हणजे ड्राय क्लच. तेलात न बुडवलेल्या प्लेटा. रेसिंगमधून आलेली पद्धत: तेलातून प्लेटा फिरवण्यात ताकद वाया जात नाही, आणि प्लेटांची झीज इंजिनच्या तेलात मिसळत नाही. फक्त लिव्हर दाबला की सुट्या झालेल्या प्लेटा टोपलीत नाचायला लागतात. भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज. शेजारी थांबलेला प्रत्येक भला माणूस काळजीने वाकून सांगतो, "ताई, काहीतरी सुटलंय बघा." सुरुवातीला समजावून सांगायचे. आता नुसतं "हो का, बघते" म्हणते.

आणि स्टँड! त्या काळच्या काही गाड्यांना असा साइड स्टँड होता की वजन उचललं की स्वतःहून मिटतो. म्हणजे स्टँड उघडा ठेवून निघाल्याने अपघात व्हायला नको म्हणून ही सोय. हेतू उत्तम. पण गाडी लावून, हात सोडून, हातमोजे काढत असताना कुणी मागून नुसता धक्का लावला की संपलं. मी एकदा त्या आडव्या पडलेल्या गाडीशेजारी उभी राहून दोन मिनिटं तिच्याकडे नुसती बघत होते. चूक माझीच, उतारावर लावली होती. त्या दिवसापासून आधी गिअरमध्ये टाकते, मग उतरते.

सुख विचाराल तर एका सिलिंडरच्या गाडीइतकी बारीक कंबर. गुडघ्यांत मावते. वळणात शरीर हलवलं नाही तर गाडी वळायला नाखूश असते, हलवलं की मग नजर जिथे टाकाल तिथे निमूट जाते.

शंकासुर:

धागा वाचला. मजा आली. पण थोडं पाणी ओततो, रागावू नका.

दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे मान्य. पण इथे लाथांचंच दूध म्हणून कौतुक चाललंय. स्प्रिंगचं पोलाद बेताचं होतं ते पन्नासच्या दशकात. १९९३ साली जपानी चार सिलिंडरवाल्या साध्या स्प्रिंगवर तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त आरपीएम घेत होत्या आणि कुणी जमिनीला गाल लावून कड्या शोधत नव्हतं. होंडाने १९६९ साली सीबी ७५० आणली तेव्हाच चार सिलिंडर, ओव्हरहेड कॅम, सेल्फ स्टार्ट, पुढे डिस्क ब्रेक हे सगळं एका गाडीत दिलं होतं. आणि सर्वात मोठी साक्ष घरचीच: २०२०मध्ये डुकाटीने मल्टिस्ट्राडा व्ही४साठी जे इंजिन काढलं त्यात डेस्मो नाही, स्प्रिंग आहेत. व्हॉल्व्हची तपासणी ६०,००० किलोमीटरला. तुमच्या गाडीची किती? दर १०,०००ला?

माझी चार सिलिंडरची जपानी गाडी अकरा वर्षांची आहे. तिच्यावर लिहायला माझ्याकडे एक ओळही नाही. यातच सगळं आलं.

गुझ्झीकर:

शंकासुरांचं शेवटचं वाक्य म्हणजे तक्रार आहे की कौतुक, तेच कळेना!

डुकाटीवाले फार भाव खातात, म्हणून दुसऱ्या घराण्याचं सांगतो. मोटो गुझ्झी, कोमो सरोवराकाठचं मांदेल्लो देल लारिओ, १९२१पासून त्याच गावात. माझी ८५० ल मान्स. इथेही ९० अंशांचे दोन सिलिंडर, पण क्रँक गाडीच्या लांबीला समांतर, त्यामुळे सिलिंडर डावी-उजवीकडे बाहेर डोकावतात. उभ्या गाडीत थ्रॉटल पिळला की अख्खी गाडी उजवीकडे कलते. पहिल्यांदा बसणारा दचकतोच. जड क्रँक आणि फ्लायव्हील एका दिशेला वेग घेतात, उरलेली गाडी दुसरीकडे ढकलली जाते, एवढंच ते. चालत्या गाडीत लक्षातही येत नाही.

चेन नाही, शाफ्ट. थ्रॉटल दिला की मागची बाजू उठते, सोडला की बसते. मधल्या वळणात घाबरून थ्रॉटल सोडणाऱ्याला ती लगेच शिक्षा करते. ब्रेकचं तर आणखी निराळं. पायाचा ब्रेक दाबला की मागची डिस्क आणि पुढच्या दोनपैकी एक अशा दोन्ही लागतात, हाताच्या लिव्हरला पुढची उरलेली एकच. दुसऱ्या गाडीवरून आलेल्या माणसाला पहिले दोन दिवस काहीच सुधरत नाही. तिसऱ्या दिवशी ओल्या रस्त्यावर कळतं की हे करणाऱ्याला अक्कल होती.

आणि तिरपा कोन साहेब, माझे टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप जुळवायची जागा) हवेत बाहेर लटकतात. झाकण काढा, फीलर गेज घाला, दोन पाने, अर्ध्या तासात काम फत्ते. कड्या नाहीत, शिम नाहीत, शिमगाही नाही.

तीन तिगाडा:

लाव्हेर्दाचं कुणी बोलायच्या आत बोलून घेतो. ब्रेगांझे गाव, घराण्याचा मूळ धंदा शेतीची यंत्रं. त्यामुळे गाडीही ट्रॅक्टरला लाजवेल अशी दणकट. हजार सीसी, तीन सिलिंडर. १९८२च्या आधीच्या इंजिनात क्रँक १८० अंशांचा: बाहेरचे दोन पिस्टन वर तेव्हा मधला खाली. १२० अंशांचा समतोल नाही, म्हणून थरथर भरपूर आणि ठेका असा की जणू चौथा सिलिंडर होता पण तो कुठेतरी वाटेत उतरून गेला.

त्यातली सगळ्यात नावाजलेली ती जोटा, १९७६ची. इंग्लंडमधल्या आयातदारांच्या हट्टातून जन्मलेली. नाव तीन मात्रांच्या स्पॅनिश नाचावरून. क्लच एवढा जड की डाव्या हाताशी हस्तांदोलन करणारे लोक ओरडतात. आवडते का? विचारूच नका.

बेव्हल बुवा:

बेल्टवाल्यांनो, तुमचं दुःख अर्धंच आहे. माझ्याकडे सत्तरच्या दशकातली ७५० आहे. हिच्यात कॅम फिरवायला बेल्ट नाही की चेन नाही. प्रत्येक सिलिंडरच्या बाजूने एक उभा दांडा वर जातो, दोन्ही टोकांना तिरके दाते असलेले बेव्हल गिअर. त्या गिअरच्या जोड्या एकमेकींत नेमक्या बसाव्यात म्हणून तिथेही शिम. म्हणजे व्हॉल्व्हचे वेगळे, बेव्हलचे वेगळे. बांधायला वेळ इतका लागायचा की १९७९च्या पँटा या गाडीपासून डुकाटीने बेल्ट आणले, आणि ते बरोबरच केलं. पण कान जवळ नेला तर या दांड्यांची एक बारीक घरघर येते, धुराड्याच्या आवाजाखाली, चांगल्या शिवणयंत्रासारखी. बेल्टमध्ये ती नाही.

गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पुढे अमेरिकेच्या नियमामुळे सगळ्यांनाच गिअर डावीकडे न्यावा लागला, आणि सुरुवातीच्या काही गाड्यांत तो नेण्यासाठी इंजिनभोवती दांडेबिंडे फिरवले, त्यात गिअरचा नेमकेपणा गेला. घेणार असाल तर उजव्या पायाचीच घ्या, आठवड्याभरात सवय होते. फक्त घरात दुसरी गाडी असेल तर घाईच्या वेळी कोणता पाय कुठे, याचा गोंधळ होतो. मला झालाय. पुढे काय झालं ते सांगत नाही.

या घराण्याला रस्त्यावर मान कशामुळे मिळाला ते नव्या मंडळींना माहीत नसेल. २३ एप्रिल १९७२, इमोलाची २०० मैलांची शर्यत. डुकाटीने ७५०च्या शर्यतीच्या गाड्या काचेच्या भिंतींच्या ट्रकमधून मिरवत आणल्या. रेसर पॉल स्मार्टला गाडी चालवायचं बोलावणं आलं तेव्हा तो घरी नव्हता, त्याच्या बायकोने परस्पर होकार देऊन टाकला. समोर एमव्ही अगुस्तावर जगज्जेता आगोस्तिनी! आगोस्तिनीची गाडी मधेच थांबली, स्मार्ट पहिला, ब्रूनो स्पाज्जारी दुसरा. दोघेही डुकाटीवर. त्यानंतर रस्त्यासाठी जी ७५० सुपर स्पोर्ट काढली तिच्या फायबरग्लासच्या टाकीवर एक उभी पट्टी मुद्दाम रंगवली नव्हती. आरपार दिसायचं, पेट्रोल किती उरलंय ते. शर्यतीतली सोय तशीच रस्त्यावर. इंधनाचा काटा यापेक्षा खरा असू शकत नाही. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल येतं, ते जुन्या फायबरच्या टाकीतलं रेझिन मऊ करून कार्ब्युरेटरमध्ये चिकट राळ नेऊन सोडतं. त्यामुळे पुष्कळ जणांनी त्या टाक्या कपाटावर ठेवून गाडीला धातूच्या बसवल्यात. मीही त्यातलाच.

तिरपा कोन:

@उडती धूळ, फडका झटकला, उलटा केला, परत झटकला. नाही.

@गुझ्झीकर, मीठ चोळल्याबद्दल आभारी आहे.

@शंकासुर, तुमचा मुद्दा खरा आहे, मी खोडणार नाही. डेस्मो आज लागतंच असं नाही. १९९३ सालीही या गाडीला लागत नव्हतं, ही नऊ हजारांच्या आसपास दमते, एवढ्याला स्प्रिंग पुरली असती. पण तुम्ही म्हणता तसं लाथांचं कौतुक मी करत नाहीये. मला आवडतं ते असं की हिच्यात प्रत्येक विचित्र गोष्टीच्या मागे कुणीतरी विचार करून घेतलेला निर्णय सापडतो. चुकीचा असेल, कालबाह्य असेल, पण सापडतो. आणि तो सापडेपर्यंत मी तिच्या पोटात हात घालून बसलेला असतो. चार सिलिंडरची ती गाडी तुम्ही अकरा वर्षांत कितीदा उघडलीत?

शंकासुर:

एकदाही नाही. तोच तर मुद्दा आहे!

कुंपणावरचा:

मंडळी, वाट वाकडी करतो. ९१६ मनात भरलीय. एक बघून ठेवलीय, २२,००० किलोमीटर चाललेली, रंग चकचकीत. काय बघू? आणि मुळात घेऊ का?

उडती धूळ:

७४८ म्हणजे ९१६चीच धाकटी बहीण, म्हणून मी सांगते. मास्सिमो ताम्बुरिनी यांनी सॅन मरिनोमधल्या केंद्रात तिचं रूप घडवलं, १९९३च्या मिलान प्रदर्शनात ती आली आणि १९९४मध्ये रस्त्यावर. सायलेन्सर सीटखाली, मागचं चाक एकाच बाजूच्या दांड्यावर, बारीक डोळ्यांचे दोन दिवे. इंग्लिश रेसर कार्ल फॉगर्टीने १९९४ आणि १९९५ला तिच्यावर सुपरबाईकचं जागतिक विजेतेपद घेतलं. देखणेपणाबद्दल वाद घालायला इथे कुणी येईल असं वाटत नाही.

आता बाकीचं. आरशात स्वतःची कोपरं दिसतात, मागचं काही नाही. सायलेन्सर सीटखाली असल्याने हळू वाहतुकीत बुडाखाली शेगडी. वजन मनगटांवर. ताशी ६० किलोमीटरच्या खाली गाडी रुसलेली, वर गेलात की वारा छातीला आधार देतो आणि मनगटं सुटतात. म्हणजे तिचा स्वभाव कळायला वेग लागतो. रोज गर्दीतून जाणार असाल तर नका घेऊ, खरंच.

तिरपा कोन:

ताईंनी स्वभाव सांगितला, मी पोट सांगतो. ९१६ला दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, म्हणजे माझ्या आठच्या जागी तुमचे सोळा गॅप. हे एकदा मनाशी पक्कं करा.

चकचकीत रंग आणि कमी किलोमीटर याला भुलू नका. उभी राहिलेली गाडी जास्त बिघडते. पहिला प्रश्न बेल्टचा. टायमिंग बेल्ट रबराचे असतात, ते किलोमीटरने जेवढे म्हातारे होतात तेवढेच वर्षांनी होतात. दोन वर्षं झाली की गाडी एक किलोमीटर चालली नसली तरी बदलायचे. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि पिस्टन येऊन त्याला वाकवतो, पुढचा हिशेब मग इंजिन उघडूनच. "बदलले होते हो मधे कधीतरी" असं कुणी म्हणालं तर पावती मागा. पावती नसेल तर बदललेलेच नाहीत असं धरून चाला.

दुसरं, थंड गाडी सुरू करून दाखवायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधी गरम करून ठेवली असेल तर मेख ओळखा. तिसरं, बॅटरीवर मीटर लावून गाडी चालू असताना व्होल्टेज बघा, साधारण १३.८ ते १४.५ यायला पाहिजे. या पिढीच्या गाड्यांत रेग्युलेटर गरम होऊन जातो हे सर्वांना माहीत आहे, बरेच जण तो हवा लागेल अशा जागी हलवतात किंवा नव्या पद्धतीचा बसवतात. तो जळताना बॅटरीलाही घेऊन जातो. अर्थिंगच्या जोडण्या काढून घासलेल्या असल्या तर मालक शहाणा. आणि चौथं, व्हॉल्व्हची झाकणं उघडून रॉकर दाखवायला कुणी तयार असेल तर त्याच्या पाया पडा: नव्वदच्या दशकातल्या काही रॉकरवरचा क्रोमचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. नखाने चाचपलं तरी कळतं.

घेऊ का, याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे, नाहीतर इथे विचारलं नसतंत.

बेव्हल बुवा:

+१. आणि मालकाच्या हाताकडे बघा. नखं अगदी स्वच्छ असतील तर दुसरी गाडी शोधा.

गुझ्झीकर:

बुवा, तुमच्या हिशेबाने तिरपा कोन यांची गाडी सध्या जगातली सर्वोत्तम खरेदी असणार.

शंकासुर:

धाग्याच्या सुरुवातीला परत गेलो. झोप येत नव्हती, दुसरं काही नाही.

तिरपा कोन, तुम्ही म्हणता बंद करणारा शिम बाकीच्यांपेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड निघाला. पण त्याआधी तुम्ही म्हणता की शिम काढण्यापूर्वी गॅप मोजले तेव्हा खालचा गॅप ठीक होता. मला डेस्मोतलं काही कळत नाही, पण तुमच्याच वर्णनावरून: शिम जाड म्हणजे त्याची खालची बाजू रॉकरच्या जवळ. गॅप मुळात शून्याच्या जवळ. त्यात पाऊण मिलिमीटर जाड शिम असता तर सगळं आवळून बसलं असतं. क्रँक हाताने फिरला नसता. गाडी तर चालत होती.

म्हणजे एक तर वहीतल्या नोंदी चूक, नाहीतर आत्ताचं माप चूक. कसं मोजलंत?

तिरपा कोन:

शिमच्या वरच्या खळग्यात एक छोटा गोल दांडा ठेवून, मायक्रोमीटरने दोन्ही मिळून मोजायचं आणि दांड्याची लांबी वजा करायची. खळग्याच्या तळापासून खालच्या बाजूपर्यंतचं माप मिळतं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच आलं.

शंकासुर:

त्या खळग्याच्या तळाशी एरवी काय बसतं?

बेव्हल बुवा:

अरे देवा.

उडती धूळ:

😂😂😂 मी काही बोलत नाही.

तिरपा कोन:

होती.

ती कडी, खळग्याच्या तळाशी, तेलाने चिकटून, जिथे बसायला ती बनवली आहे अगदी तिथेच. काळ्या तेलात काळी. मी तिच्यावरच दांडा टेकवून तीनदा माप घेतलं, आणि चार दिवस जमीन पुसत होतो. शिम एका डबीत झाकण लावून टेबलावर नीट ठेवला होता, हरवू नये म्हणून.

कडी काढून परत मोजलं. शिम बाकीच्यांच्या रांगेत येतो. मागच्या मालकांची, ते कुठे असतील तिथे, मी माफी मागतो. त्यांनी बसवलेला शिम अगदी बरोबर होता.

आज दुपारी सगळं परत बसवलं. दोन्ही कड्या खाचेत, शिम वर, क्रँक हाताने चार फेरे फिरवून बघितला, गॅप पुन्हा मोजले. टाकी खाली, चोक ओढला, बटण दाबलं. तिसऱ्या प्रयत्नात पकडली. पाच मिनिटं नुसता शेजारी उभा होतो.

शंकासुर, दंडवत. गाडी न उघडता तुम्ही माझी गाडी दुरुस्त केलीत.

शंकासुर:

आनंद आहे. बेल्टची झाकणं उघडीच होती तर बेल्टही बदलले असतील ना? आधीचे कधीचे होते?

तिरपा कोन:

…

कुंपणावरचा:

पावती मागू का?